काळ्या गाडीवरची जाळी

अमेरिकेत मी गाड्या धुते असं सांगितलं की सांगलीचे नातेवाईक आधी गप्प बसतात आणि मग हळूच माझ्या नवऱ्याची नोकरी शाबूत आहे ना, ते विचारतात. आहे, व्यवस्थित आहे. तो आयटीत आहे आणि त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मी लिहितेय ते माझ्या दुकानाबद्दल. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात माझं कार डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या आतून-बाहेरून नव्यासारख्या करून द्यायचं दुकान आहे. आता गुडघे कुरकुरायला लागलेत, म्हणून पुढच्या वर्षी ते लुईसच्या हवाली करायचं ठरवलंय. लुईस मूळचा ब्राझीलचा, दुकान उघडलं तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. त्याला मराठीतले ‘बास’, ‘चहा’ आणि ‘अगं बाई’ एवढेच शब्द येतात, पण ते तो अगदी योग्य जागी वापरतो.

या धंद्यात मी काही ठरवून पडले नाही. डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, घरात बसून डोकं फिरायची पाळी आली होती. तेव्हा वेळ जावा म्हणून मी नवऱ्याची गाडी इतकी घासूनपुसून ठेवायचे की शेजारीपाजारी थांबून बघायचे. पुढे ग्रीन कार्ड झालं आणि मी रीतसर शिकून दुकान टाकलं. नवरा म्हणाला, अगं, लोक काय म्हणतील. लोक म्हणाले, आमची गाडी कधी घेताय.

गाडी आतून पाहिली की माझ्या दृष्टीनं ते घर पाहिल्यासारखंच असतं. कोण डाएटवर आहे आणि कोण गाडीत लपून बाकरवडी खातं, हे बायकोच्या आधी मला कळतं. एका बाईंच्या डिकीत भर उन्हाळ्यात लोणच्याची बरणी फुटली होती. त्या गाडीशी आम्ही आठवडाभर झुंजलो, शेवटी त्यांनी ती विकली. घेणाऱ्या माणसानं वासाबद्दल तक्रार केली नाही, उलट त्याला भूक लागायची म्हणे. आणखी एक निवृत्त डॉक्टरकाका आहेत. ते दसऱ्याला पांढऱ्या बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि पुसणं बरं दिसत नाही म्हणून दिवाळीपर्यंत तसंच ठेवतात. मग डाग काढायला माझ्याकडे येतात, आणि काढताना बाजूला उभं राहून म्हणतात, पूर्ण नको हो, थोडं राहू द्या.

पण आमच्या धंद्यातली खरी डोकेदुखी म्हणजे जाळी. काळी गाडी उन्हात उभी करा आणि बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथे बघा. त्याच्याभोवती बारीक बारीक गोलाकार ओरखडे दिसतात, कोळ्यानं जाळं विणल्यासारखे. इंग्रजीत त्यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात, मी जाळी म्हणते. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. गाडीची सगळी चमक त्या थरात असते. धूळ म्हणजे शेवटी बारीक दगडच, त्यामुळे कोरड्या गाडीवर फडकं फिरवलं की ते दगड या थरावर घासले जातात. म्हणून आम्ही आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहून जाऊ देतो आणि मगच साबणाचा हात लावतो. पडलेली जाळी काढायची तर मशीननं तो थर किंचित तासावा लागतो. किंचितच, कारण तो मुळात पातळ असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. एकाच गाडीवर हे पुन्हा पुन्हा करता येत नाही.

आशिष नागपूरचा. चांगला उंच, दारातून येताना वाकतो, आणि स्वभावानं इतका मऊ की अपॉइंटमेंट बदलायची असली तरी तीनदा सॉरी म्हणतो. त्यानं नवीकोरी काळी एसयूव्ही घेतली होती. आमच्याकडे वसंत संपताना पाइनच्या झाडांचे पिवळे परागकण सगळ्यावर पसरतात, गाड्या हळद लावल्यासारख्या दिसतात. तो सीझन संपला आणि त्यानं गाडी आणून दिली. आम्ही सगळं केलं, लुईसनं मशीन फिरवलं, आणि गाडी अशी झाली की मी बॉनेटमध्ये बघून टिकली सरळ केली.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. म्हणाला, ताई, सॉरी, पण जरा बघता का. गाडी आणली, उन्हात लावली, आणि बघते तर जाळीच जाळी. लुईसचा चेहरा पडला. त्याच्या मशीनला कोणी नावं ठेवली की तो दिवसभर जेवत नाही.

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मशीनची चूक असती तर खुणा सगळीकडे सारख्या दिसल्या असत्या. इथे दारांवर जाळी होती, बॉनेटवर कडेपासून मध्यापर्यंत होती, आणि टपाचा मधला भाग मात्र आरशासारखा. म्हणजे पुसणाऱ्याचा हात तिथवर पोचत नव्हता. आणि प्रत्येक ओरखडा डावीकडून उजवीकडे अर्धगोल जाऊन शेवटी वर उडालेला, फडकं झटकल्यासारखा. हा हात मी ओळखते. माझ्या माहेरी सगळे असंच पुसतात. मी आशिषला विचारलं, घरी गाडी कोण पुसतं? तो शेल्फावरच्या साबणाच्या बाटल्यांकडे बघत म्हणाला, कोणीच नाही.

आता आशिषचा हात तर टपाच्या पलीकडे जाऊन परत येईल. पण गिऱ्हाइकाला तोंडावर खोटं ठरवायचं नाही, हा माझा नियम आहे. मी सगळं परत करून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि बजावलं की बाबा रे, कोरडं फडकं लावू देऊ नकोस कोणाला. तो हो हो म्हणाला. लुईस पोर्तुगीजमध्ये बराच वेळ काहीतरी पुटपुटत होता, ते मी विचारलं नाही.

उन्हाळा संपत आला आणि जाळी परत पडली. या वेळी त्यानं फोन केला नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गणपतीपासून घरभाड्यापर्यंत सगळं त्यावर चालतं, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांनाही सकाळी फिरायला सोबत मिळावी म्हणून त्यात घेतात. त्या ग्रुपवर यानं बॉनेटचा मोठ्ठा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की शुभाताईंकडे डिटेलिंग करून आणल्यावर पुन्हा असं झालंय, हे कशामुळे होतं, जाणकारांनी प्लीज सांगावं.

जाणकारांना काय, निमित्तच हवं होतं. ज्यांनी जन्मात स्वतःची गाडी धुतली नाही त्यांनी माझ्या मशीनला लावायचे पॅड घाण असतात असं लिहिलं. एकानं मशीन अनाडी हातात गेलं की असंच होतं असं सांगितलं, आणि लगेच स्वतःच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता टाकला. कोरड्या फडक्याचं नाव एकानंही काढलं नाही. मला उत्तर माहीत होतं, पण ग्रुपवर भांडणाऱ्यांतली मी नाही. मी गप्प बसले, आणि गप्प बसले म्हणजे चूक कबूल केली, असं सगळ्यांनी धरलं.

हे नेमकं दसऱ्याच्या तोंडावर. दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्यामुळे त्याआधीचे आठवडे हाच आमचा हंगाम. श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या वर्षी मात्र एकेकाचे गोड मेसेज यायला लागले. ताई, पुढच्या वेळी बघू. ताई, यंदा घरीच पुसतोय. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव एका फोटोपायी जाणार, असं दिसायला लागलं. लुईस रिकाम्या दुकानात तेच तेच पॅड पुन्हा धूत बसायचा. ते बघून माझं टाळकं सरकलं आणि मी आशिषला फोन करून म्हटलं, असशील तसा ये.

आला. मी त्याला बसही म्हटलं नाही. सरळ विचारलं की तुझ्या घरात उंचीनं बेताचं कोण आहे. त्यानं मान खाली घातली आणि मग सगळं बाहेर पडलं. त्याचे बाबा नागपूरहून आले होते. रोज भल्या सकाळी ड्राइव्हवेत जाऊन गाडी पुसत होते. दारावरच्या कॅमेऱ्यात त्यानं हे पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

मी म्हटलं, मग सांगत का नाहीस? तर म्हणाला, ताई, त्यांना या घरात दुसरं कामच नाही. किचनमध्ये काय कुठे आहे ते कळत नाही, मुलं इंग्रजीत बोलतात, टीव्हीचा रिमोट हाताळायला बाबा घाबरतात. गाडी पुसून आले की तेवढेच खुलतात. कशी झाली बघ गाडी, म्हणतात. काय सांगू त्यांना?

मग माझं नाव ग्रुपवर का टाकलंस, हे मी जरा मोठ्यानंच विचारलं. त्याचं उत्तर ऐकून मला हसावं की त्याला पाणी मारायच्या नळीनं भिजवावं, ते कळेना. बाबा त्या ग्रुपवर होते. त्याला वाटलं होतं, कोणीतरी लिहील की कोरड्या फडक्यानं पुसू नका, बाबा ते वाचतील, आणि त्याला तोंड उघडावं लागणार नाही.

"तुम्हीच लिहाल असं वाटलं होतं ताई," तो म्हणाला. "तुम्ही काही लिहिलंच नाही."

म्हणजे दोष परत माझाच! मी त्याला खूप बोलले. म्हटलं, बापाशी एक वाक्य बोलता येत नाही म्हणून तू माझ्या दुकानाचं पायपुसणं केलंस. बाबांनी ते वाचून काय अर्थ काढला, ते तरी बघितलंस का? तर तेही त्यानं बघितलं होतं. दुकानवाल्या बाईनं पोराच्या गाडीची वाट लावली, असा अर्थ बाबांनी काढला होता, आणि ते ओरखडे जावेत म्हणून त्या दिवसापासून ते दुप्पट जोर लावून पुसत होते. मी त्याला सांगितलं की आज घरी जाऊन बोल, मी काही बोलणार नाही. तो गेला. बोलला नाही, हे मला लवकरच कळलं.

कारण पुढच्या आठवड्यात त्याचे बाबाच दुकानात आले. आमच्याकडे रस्त्यांना फूटपाथ नाहीत, माणूस पायी येताना दिसला की त्याची गाडी बंद पडली असं लोक समजतात. लुईस टो-ट्रक बोलवायला निघाला होता. पायांत मुलाचे मोठे होणारे बूट, गळ्यात मफलर, आणि अतिशय सभ्य चेहरा. नमस्कार करून म्हणाले, "ताई, मी तक्रार करायला आलो, भांडायला नाही. पोरगा भिडस्त आहे, तो बोलणार नाही."

मी म्हटलं, बोला काका. ते बोलले, आणि खरंच भांडले नाहीत. एवढी नवी गाडी, मुलानं कष्टानं घेतलेली, तुमच्या माणसानं थोडं सांभाळून काम करायला हवं होतं, मी रोज निस्तरून राहिलो पण निघत नाहीये, असं सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी विचारलं, निस्तरता म्हणजे काय करता? त्यांनी स्वेटरच्या खिशातून धुऊन घडी केलेला जुना बनियन काढला. नागपूरहून खास आणलेला होता. इथली फडकी चांगली नसतात, म्हणाले.

सरावासाठी आमच्याकडे भंगारातल्या एका काळ्या गाडीचं बॉनेट ठेवलेलं असतं. लुईसनं त्याच आठवड्यात ते घासून चकाचक केलं होतं, वर दुकानातली धूळ बसली होती. मी काही बोलणार नाही असं आशिषला सांगितलं होतं, आणि त्या घटकेला तरी तो शब्द मी पाळला. फक्त म्हटलं, काका, तुम्ही कसं पुसता ते आम्हाला जरा दाखवा. ते खूश झाले. बाह्या सारल्या, बनियन गुंडाळला आणि कामाला लागले. हात सुंदर होता हो. डावीकडून उजवीकडे अर्धगोल, आणि शेवटी एक झटका. लुईस डोळे मिटून उभा होता.

झाल्यावर मी कोपऱ्यातला तपासणीचा दिवा लावला आणि बॉनेटवर धरला.

काका खाली वाकले. मग बोट पुढे करून त्यांनी एका ओरखड्यावरून ते अलगद फिरवलं, झटक्यापर्यंत. तिथे बोट थांबलं.

"आशिषला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून, काका."

त्यांनी बनियनची घडी केली आणि खिशात ठेवली. मी चहा विचारला, नको म्हणाले. घरी सोडते म्हटलं, तेही नको. तसेच चालत निघाले. मला वाटलं होतं की त्यांना कळलं म्हणजे मी जिंकले, पण त्यांची पाठ बघून मला स्वतःचाच राग आला. लुईसनं किल्ली घेतली, आणि काका घरी पोचेपर्यंत इंडिकेटर लावून गोगलगायीच्या गतीनं त्यांच्या मागे मागे गाडी चालवली. मागून लोक हॉर्न मारत होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला. मी साबणाचे हात पँटला पुसून ऐकायला लागले. आधी नुसतंच खाकरणं. मग "चालू झालं का हे?" मग कुठल्या तरी दाराचा आवाज. आणि मग काका.

"नमस्कार मंडळी. मी आशिषचा बाबा बोलून राहिलो. आशिषच्या गाडीचा जो फोटो इथे टाकला होता, त्यात शुभाताईंची काही चूक नाही. त्यांच्या त्या ब्राझीलच्या माणसाचीही नाही. गाडी मी खराब केली. रोज कोरड्या फडक्यानं पुसत होतो. मला ठाऊक नव्हतं. काल ताईंच्या दुकानात डोळ्यांनी पाहिलं. तर कृपा करून गाड्या त्यांच्याकडेच न्या."

इथे ते परत खाकरले. मला वाटलं संपलं.

"आणखी एक सांगतो. आशिष लहान होता तेव्हा त्यानं माझ्या नव्या स्कूटरवर खिळ्यानं आपलं नाव कोरलं होतं. नुकताच लिहायला शिकला होता. मी त्याला अख्ख्या कॉलनीसमोर मारलं. अन् इथं आल्यापासून मी रोज त्याच्या नव्या गाडीवर ओरखडे काढून राहिलो होतो, तर हा पोरगा मला बाहेर चहा आणून देत होता. बस, एवढंच. नमस्कार."

मी तशीच बादलीवर बसले. लुईसनं विचारलं काय झालं, तर मला इंग्रजीत धड सांगताही येईना. डोळे पुसायला गेले तर हाताला साबण, म्हणजे ते आणखीच झोंबले.

ग्रुपवर तेवढ्यात काय, पूर लोटला. जोडलेले हात, फुलं, रडणारे चेहरे. मशीन अनाडी हातात म्हणणाऱ्या गृहस्थांनी, मला सुरुवातीपासूनच शंका होती, असं लिहिलं. आणि मला खासगीत मेसेजवर मेसेज. ताई, दसऱ्याआधी वेळ आहे का? ताई, आमच्याकडेही बाबा आलेत. ताई, आमच्याकडे सासूबाई आहेत, त्या तर जुन्या परकराचं फडकं वापरतात. गावातली निम्मी जाळी लेकरांनी गुपचूप सहन केलेली होती, हे मला त्या सकाळी कळलं. दुकान वाचलं होतं, हंगाम वाचला होता, आणि मी लुईसला सगळ्या वेळा भरून टाक म्हणून सांगत होते, तेवढ्यात आशिषचा फोन आला.

"ताई, ऐकलंत?"

"ऐकलं."

"मला ते आठवतच नाही," तो म्हणाला. " नाव कोरलेलंही नाही, मारलेलंही नाही. काहीच नाही."

मी विचारलं, त्यांना तसं सांगितलंस का? म्हणाला, नाही. इतकी वर्षं ते मनात धरून बसलेत आणि माझ्या गावीही नाही, हे कसं सांगू? आणि मग मला जे येणार असं वाटत होतं तेच आलं.

"ताई, तुम्ही सांगाल?"

खरं सांगते, हो म्हणावंसं वाटलं. मला जमलं असतं, मी बोलघेवडीच आहे. पण म्हटलं, "नाही. काका कुठे आहेत?"

"बाहेर. गाडीजवळ नुसते उभे आहेत."

"मग जा. फोन चालू ठेव, मी आहे."

दार उघडल्याचा आवाज आला. त्याच्या शेजारी कोणीतरी पानं उडवायचं मशीन लावलं होतं. पावलं ऐकू आली, थांबली, आणि मग बराच वेळ नुसतं ते मशीनच. मी फोन कानाला लावून उभी होते. लुईसला एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यानं व्हॅक्यूम बंद केला होता आणि तोही माझ्यासारखाच कान देऊन उभा होता.

"बाबा," आशिष म्हणाला.

"काय रे?"

मी फोन बंद केला.